ओट्यावरचं प्लॅस्टिक

"आपल्या नव्या किचनमध्ये स्वयंपाक कधी होणार?"

"तुमचं किचन काय म्युझियम आहे का? विचारून दाखव घरी!" मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून दहावीतल्या लेकीने जेवता जेवता विचारून टाकलं. दीड वर्षापूर्वी बाबांनी क्रेडिट कार्डाच्या बिनव्याजी हप्त्यांवर नवा ओटा, नवी कपाटं करून घेतली होती आणि बजावलं होतं, "पैसे फिटेपर्यंत हे आपलं नाही. ओरखडासुद्धा नको." तेव्हापासून ओट्यावर प्लॅस्टिक होतं आणि आई गॅलरीत, छोट्या शेगडीपाशी.

"हप्ते कधी संपणार, बाबा?"

"संपले की. चार महिने झाले," बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले.

"आई, तुला माहीत होतं?"

"शेवटचा मीच भरला." आईने गॅलरीतून गरम भांडं आणून टेबलावर ठेवलं.

"मग?"

दोघं तिच्याकडे बघत राहिले, जणू ती शेजाऱ्यांच्या घराबद्दल विचारत होती.

"सवय झाली गं," आई म्हणाली.

लेक उठली आणि तिने कात्री शोधून आणली.

"उद्या सकाळचा चहा मी आतल्या ओट्यावर करणार. कप बाहेर आणून देणार नाही. दोघांनी आत यायचं."