नाव सांगता येत नाही

"तुला प्रकल्पातून काढलंय," ताईने भावाच्या खोलीत उभ्या उभ्याच सांगितलं. जगभरातल्या लोकांनी फुकट राबून वाढवलेलं ते सॉफ्टवेअर मुळात त्यानेच सुरू केलं होतं. तिथली आचारसंहिता सांभाळणाऱ्या समितीवर ती होती.

त्याचा चेहरा पडला. "एका नवशिक्याला मूर्ख म्हणालो, एवढंच ना?"

"रोज म्हणालास. आईबापांनी तुला जन्माला घालून चूक केली, असंही त्याला लिहिलंस."

"ताई, बायको गेल्यापासून मला तेवढंच उरलंय गं. मी पाया पडून माफी मागतो त्याची. त्याचं खरं नाव तरी सांग."

"तक्रार करणाऱ्याचं नाव सांगता येत नाही."

तो तिचा हात धरून हुंदके देऊ लागला. कसाबसा हात सोडवून ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. बाहेर त्याची मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"सांगितलंस का गं आत्या?"

"नाही."

"नकोच सांगूस. घरात बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तिथे तरी बोलतील, म्हणून नाव बदलून गेले होते मी."