आत कोणता प्रोसेसर आहे, सांगा

"बाबा, खरंच दिसतंय ना?" मुलीने तिसऱ्यांदा विचारलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? घे परीक्षा."

डोळ्यांच्या ऑपरेशनला महिना झाला होता. परदेशातल्या नोकरीला होकार आज पाचच्या आत कळवायचा होता, आणि बाबांना दिसत नसेल तर ती जाणार नव्हती. त्यांच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. काल त्यांनी पेपर वाचून दाखवला, तर त्याच बातम्या आधी रेडिओवर लागलेल्या. वस्ताद माणूस!

म्हणून तिने कालच आलेला नवा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. ती बाहेर असताना शेजारच्या मास्तरांनी तो उतरवून घेतला होता, नि दोघे म्हातारे खोक्यापाशी गप्पा ठोकत बसले होते. कमांड द्यायची काळी खिडकी तिनेच उघडून दिली आणि खोकं घेऊन समोर बसली.

"आत कोणता प्रोसेसर आहे, सांगा."

यंत्राला नाव-गाव विचारणारी एक कमांड असते. ती दिली की भराभर ओळी उमटतात. बाबांनी तीस वर्षं कॉम्प्युटर सेंटरमधली यंत्रं डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. त्यांनी खाली न बघता कमांड टाइप केली, एंटर दाबलं.

"आठ कोअर," ते सावकाश म्हणाले. "सोळा थ्रेड."

तिने खोक्यावरचं लेबल पाहिलं. बरोबर.

"चोवीस एमबी कॅश. वेग चार पॉइंट सहा गिगाहर्ट्झ."

तेही बरोबर. तिच्या अंगावर काटा आला. महिन्यापूर्वी ज्यांना पुढ्यातलं ताट दिसत नव्हतं, ते बारीक आकडे घडाघडा सांगत होते.

"आमच्या वेळी एवढ्याला खोलीभर कपाटं लागायची गं," बाबा म्हणाले. "आणि आता ते सगळं मांडीवर मावतंय. देवाची करणी म्हणावी, तर माणसानेच केलीय. थक्क व्हायला होतं."

तिला रडू आवरेना. "मला वाटलं, तुम्ही थापा मारताय."

"बापावर विश्वास ठेव कधीतरी. पाच वाजत आले असतील. जा, होकार कळव."

तिने नाक पुसलं, हसली, आणि होकार लिहायला लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

बाबांची बोटं एक-एक कळ डावीकडे पडली होती. स्क्रीनवर एकच ओळ होती: अशी कमांड सापडली नाही.