एकही तक्रार नाही

यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून सर्व्हरवर ठेवलेला कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा कंपनीतल्या ज्येष्ठ दादांनी कौतुकानं थोपटला. “बघ रुओहंग, हृदयाचे ठोके दाखवणारं आपलं यंत्र. तीन वर्षांत एकही तक्रार नाही!”

रुओहंगने जुना कोड उघडला. ठोके वाचता आले नाहीत की एरर यायची. कोडमध्ये ती पकडून, कुणालाही न कळवता, तिथेच गिळून टाकली होती. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहणार होता.

“दादा, हे तुम्ही केलंत?”

“अगं, वायर जरा हलली तरी भोंगा वाजायचा. नर्सेस वैतागायच्या.”

तिने आईला फोन लावला. “आई, हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी आमचंच यंत्र आहे ना?”

“हो, हळू बोल. सकाळपासून शांत झोपलेत. ठोके बहात्तर, एकानंही हलले नाहीत बघ.”