डावी बाजू

काठी हातात आली तर पोस्टमास्तरांचा फायदाच फायदा होता. वॉकर घरच्या उंबऱ्याला अडकायचा, ती कटकट संपणार होती. चहाचा कप स्वतः उचलून गॅलरीत नेता येणार होता. ‘अजून चार पायांवरच का?’ असं विचारणाऱ्या शेजाऱ्याचं तोंड बंद होणार होतं. आणि एक हात मोकळा राहणार होता. हा फायदा सगळ्यांत मोठा, म्हणून तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

“आज नीट चालून दाखवा, मग वॉकर सुटला,” थेरपिस्ट म्हणाली. वय नातीचं, आवाज मुख्याध्यापिकेचा. तिनं काठीची मूठ त्यांच्या मनगटाच्या रेषेला आणली, तळाचं रबर तपासलं आणि काठी डाव्या हातात दिली. ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं होतं. काठी चांगल्या बाजूला धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो.

खोलीत पोस्टमास्तर झोकात चालले. दाराशी पोचले, बाहेरच्या बाकावर बसलेली बायको दिसली, आणि काठी गुपचूप उजव्या हातात गेली. पुढच्याच पावलाला गुडघा लचकला. थेरपिस्टनं त्यांच्या कमरेचा पट्टा धरला म्हणून निभावलं.

“पोस्टमास्तर, पत्ता परत चुकला! रोज दारापर्यंत शहाणे आणि दाराबाहेर हट्टी.” तिनं काठी पुन्हा डाव्या हातात कोंबली. “आता वॉकरच राहू दे.”

“वॉकर नको गं. त्याला दोन्ही हात लागतात.”

आवाज इतका काकुळतीचा होता की तिनं चेष्टा सोडून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“अहो, काय झालं?” बाकावरून आजी उठल्या. भिंतीवरून बोटं फिरवत आल्या आणि सवयीनं नवऱ्याच्या डाव्या बाजूला गेल्या. कोपर धरायला हात पुढे केला, तो काठीला लागला. त्यांनी काठी वरपासून खालपर्यंत चाचपली.

“ही इथे असायला हवी का?”

“हो आजी. आणि उजवीकडूनही त्यांना धरून चालू नका. तुमचा भार दुखऱ्या पायावर येईल.”

“म्हणून हे पडत होते?”

“कोण पडतंय? जरा तोल गेला,” पोस्टमास्तर घाईनं म्हणाले. “हिला उन्हात जरा अंधारी येते, एवढंच.”

“पुरे आता.” आजी थेरपिस्टच्या आवाजाकडे वळल्या. “बाळ, मला दिसत नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो. घरात ही गोष्ट एकट्या यांनाच ठाऊक.”

“अगं! मुलाला कळलं तर गॅसपाशी उभं राहू देणार नाही तुला.”

“नाही तर नाही. तुम्हीच पडून बसलात तर माझ्या आमटीला नावं कोण ठेवणार?” मग हळूच म्हणाल्या, “बाळ, आमच्यासारख्यांची पांढरी काठी असते ना, ती वापरायला कुठे शिकवतात?”

पांढरी काठी शिकवणारा विभाग वरच्या मजल्यावर होता; थेरपिस्ट त्यांना स्वतः तिथे घेऊन गेली.

पुढच्या तपासणीला दोघं आले तेव्हा पोस्टमास्तरांची काठी डाव्या हातात होती, दाराच्या आत आणि बाहेरही. आजी त्यांच्या उजवीकडे, पांढरी काठी बाहेरच्या हातात धरून. घरी आता स्वयंपाकाला बाई येत होती, आणि तिच्या आमटीला नावं ठेवायचं काम आजींकडे आलं होतं.

थेरपिस्टची नजर मधल्या दोन हातांवर गेली. “आजी, सांगितलं होतं ना, त्यांच्यावर भार टाकायचा नाही?”

“भार कुठे? नुसता धरलाय.”

तिनं वाकून पाहिलं. खरंच, ओढ नव्हती, भार नव्हता. काठी पोस्टमास्तरांना मिळाली होती आणि शेगडी आजींची गेली होती. पोस्टमास्तरांचा हा हात तेवढा आजींनी, आता गरज नसताना, स्वतःकडे ठेवून घेतला होता.