मऊ हात

"अहो, ती घासणी आधी खाली ठेवा!" ती दारातूनच ओरडली.

नवरा सिंकपाशी उभा राहून तारेच्या घासणीनं कढई खरवडत होता. लग्न झाल्यापासून स्वतः प्यायलेला कपसुद्धा त्यानं कधी विसळला नव्हता. आज मात्र गडी बाह्या सरसावून जुंपला होता.

"म्हटलं, तुला जरा मदत."

"आजच बरा पुळका आला? उद्या ठसे द्यायचेत. इतके दिवस तुमची बोटं तळहाताच्या फोडासारखी जपली, ती काय कढईला वाहायला?"

तिनं घासणी हिसकावली आणि सरळ आपल्या पर्समध्ये कोंबली. नवऱ्याचा भरवसा नव्हता.

तो फरशी बसवणारा. या देशात आल्यापासून त्यानं निम्म्या शहराची न्हाणीघरं सजवली होती. सिमेंट आणि फरशीच्या कडांनी त्याच्या बोटांवरच्या रेघा पार खाऊन टाकल्या होत्या. बाकीचे कारागीर हातमोजे घालत. हा म्हणायचा, "मोजे घातले की फरशी हाताशी बोलत नाही." मध्यंतरी मुकादमाची जागा चालून आली, नुसतं उभं राहून हुकूम सोडायचे. तीही त्यानं नाकारली. तिनं आठवडाभर अबोला धरला, पण हा ढिम्म.

दरवर्षी परवाना वाढवायला जवळच्या कचेरीत गेलं, की मशीन त्याची बोटं चाटून नकार देई. साहेब खांदे उडवून वर्षभराचा तात्पुरता शिक्का मारत. घरी येऊन तो ते असं रंगवून सांगे, जणू कुस्तीच मारून आलाय.

पण तात्पुरत्या शिक्क्यावर पोर आणता येत नाही, हीच खरी गोम होती. लेक तिकडे आजीपाशी वाढत होती. फोनवर परवाच तिनं बजावलं होतं, "आई, तिथं खिडकीपाशी मी झोपणार. आत्ताच सांगून ठेवते." लेकीला आणायचं तर पक्कं कार्ड हवं, आणि पक्क्या कार्डाला ठसे हवेतच. तिनं विषय काढला, की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी बघू."

मग त्याची कंबर धरली आणि तो अंथरुणाला खिळला. तिला ही संधीच वाटली.

ती वृद्धाश्रमात कामाला होती. तिथली नर्स म्हणाली होती, की हातांना विश्रांती दिली तर कातडी नवी येते, रेघाही परततात. तिनं मलम आणून दिलं. दुखण्याच्या गोळीनं नवऱ्याला गुंगी आली, की ही त्याचं एकेक बोट चोळायची आणि वर सुती मोजे चढवायची.

"कारागिराचे हात असे मऊ करू नयेत गं," तो एकदा अर्धवट झोपेत म्हणाला होता.

"झोपा. कौतुक करून घ्यायचीही अक्कल लागते."

एका सकाळी तिनं त्याचं बोट खिडकीच्या उजेडात धरलं. नुकत्याच नांगरलेल्या रानासारख्या रेघा वर आल्या होत्या. तिनं त्याच दिवशी मुख्य कचेरीची तारीख घेऊन टाकली.

"कंबर अजून नीट नाही," तो म्हणाला.

"कंबरेचे ठसे नाही घ्यायचे."

मुख्य कचेरीत पक्क्या कार्डांचं काम चाले. अजून तिथं जायची वेळच आली नव्हती. ठरल्या दिवशी मोठ्या दारापाशी ही लांब रांग. नवरा तिला बाजूच्या जिन्यानं वर घेऊन गेला. वर प्यायच्या पाण्याचं मशीन एका वळणाआड होतं, तिथंही तोच तिला घेऊन गेला.

"तुम्हाला बरं सापडतं सगळं!"

"सरकारी कचेऱ्या सगळ्या एकाच साच्यातल्या," तो म्हणाला.

तिला त्याचं कौतुकच वाटलं. भाषेचंही तसंच. या देशात येऊन तिची जीभ अजून अडखळायची, आणि हा पहिल्याच महिन्यात फाडफाड बोलायला लागला होता. लग्नाआधी परमुलखात कामं केलेला माणूस, हुशारच असणार.

तो आज दाढी सारखी कुरवाळत होता. ही दाढी त्यानं लग्नानंतर राखलेली, इकडे यायच्या बेतात.

"घाबरता काय एवढे? मी आहे ना," ती म्हणाली.

खिडकीमागच्या बाईंनी त्याचा हात काचेवर ठेवायला सांगितला. त्यानं बोटं जरा वाकडी ठेवली. बाईंनी ती हलकेच सरळ केली. मशीनवर हिरवा दिवा लागला. मग दुसरा हात. पुन्हा हिरवा.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "इतके स्पष्ट ठसे मजुरांचे येत नाहीत."

"मलम लावत होते मी! रोज!" तिनं मोडक्यातोडक्या भाषेत सांगून टाकलं. लेक खिडकीपाशी झोपलेली तिला दिसायला लागली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला होता. बिचारा भारावला, तिला वाटलं.

"आणि जुळलेसुद्धा," पडद्याकडे बघत बाई म्हणाल्या. त्यांचं हसू मात्र थांबलं होतं.

"जुळले? कशाशी? यांचे ठसे तर आधी कधी आलेच नव्हते."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. फोटोतला माणूस तरुण होता, सफाचट दाढी केलेला, पण डाव्या भुवईतली खाच तीच होती. खालचं नाव तिनं पुन्हापुन्हा वाचलं. ते तिच्या नवऱ्याचं नव्हतं, आणि नावापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: देशाबाहेर काढलेला, पुन्हा प्रवेश नाही.