दाईचं बोट

“आज या झाडीपट्टीचा इतिहास बदलणार आहे,” नाटकाचे लेखक-दिग्दर्शक श्रीहरीभाऊ ब्रह्मपुरीच्या मंडपामागे खुर्चीवर उभे राहून म्हणाले.

“पयले खुर्ची बदला, तिचा पाय मोडला हाय,” पेटीवाला म्हणाला. भाऊ खाली उतरले.

नाटक नवं होतं, राजा मोहबलशहाच्या बालपणाचं. पहिला प्रयोग जमला तर गावोगावचं बुकिंग, पडला तर भाऊंची कंपनी बसली. अन्नपूर्णाबाईंनी तो पाडायचं ठरवलं होतं.

अठरा वर्षं या कंपनीत राणी त्याच. यंदा भाऊ म्हणाले, “बाई, तुमाले दाईचं काम करा लागते.”

“अन् राणी?”

“नवी पोरगी, दिव्यानी.”

“तिले नऊवारी नेसता येते का?”

“तुमी नेसवून द्याल ना.”

बाईंनी नेसवून दिली. पिना जरा खोल टोचल्या, एवढंच.

इकडे नाटक कोणी पाठ करत नाही. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून प्रॉम्प्टर वही वाचतो, वर नट बोलतात. सगळी वही वाचलेली माणसं दोनच, प्रॉम्प्टर आणि भाऊ. बाकीच्यांना भाऊ तोंडी समजावत. बाईंना त्यांनी चारदा समजावलं.

“लढाई संपते. प्रधान राजाले गादीवर बसवाले जंगलात येते. दोन पाळणे. उजव्यात राणीचा पोरगा, डाव्यात तुमचा. प्रधान इचारते, राजा कोणता? तुमी उजवा दाखवजा. दाई इमानदार हाय. शब्द नाई, नुसतं बोट.”

“अन् डावा दाखवला तर?”

“तर नाटक खतम. तेवढं करू नोका, बाई.”

प्रयोग सुरू झाला. दिव्यानीची राणी दाईला म्हणाली, “माझ्या उष्ट्यावर वाढलेली तू!” टाळ्या पडल्या. बाईंनी त्या मनात नोंदवून ठेवल्या.

मग प्रधानानं विचारलं. बाई दोन्ही पाळण्यांकडे पाहत राहिल्या. अठरा वर्षं दंडातून खाली उतरली आणि बोट डावीकडे गेलं.

आता खड्ड्यात पानं फडफडतील, प्रधान तोंड उघडं टाकून उभा राहील, म्हणून बाई थांबल्या.

प्रॉम्प्टरनं सावकाश पान उलटलं. “हाच आमचा राजा,” तो खालून म्हणाला. “हाच आमचा राजा,” प्रधान वर गरजला आणि डावा पाळणा उचलून निघाला. लगेच बाईंचं पुढचं वाक्य खालून आलं. “राणी, घेतला मी बदला. आता माझं पोर तुझ्या गादीवर बसेल.”

बाईंच्या तोंडून ते आपसूक निघालं. अख्खा मंडप उठून उभा राहिला.

विंगेत श्रीहरीभाऊ चहाची बशी फुंकत होते.

“बाई, परवा सिंदेवाहीत प्रयोग हाय,” ते म्हणाले. “तवरक मले माफ नोका करजा.”