परदेशी संपर्क

संरक्षण खात्यातल्या नोकरीसाठी सुरक्षा तपासणीचं पत्र आलं: परदेशातल्या नातेवाइकांशी संपर्क असल्यास कळवा. माझी पाचावर धारण बसली. भावाकडे परदेशात राहणाऱ्या आईला ‘कामात आहे’ एवढं कळवून मी रोजचे व्हिडिओ कॉल बंद केले. स्मरणपत्र आल्यावर उत्तरासाठी वकीलबाई गाठेपर्यंत तीन महिने उलटले. “बोलणं कशाला थांबवलंत?” त्या चकित झाल्या. “आईशी बोलायला मनाई थोडीच आहे! फक्त लपवायचं नाही. आजी-नातीच्या बोबड्या बोलात कसलं गुपित?” घरी पोचताच लेकीला मांडीवर घेऊन फोन लावला. “आली गं माझी चिमणी!” आई पडद्यावर टाळ्या वाजवत होती. पूर्वी पडद्याचे मुके घेणारी दीड वर्षाची लेक माझ्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागली. आईचे हात थांबले. “रागावू नकोस गं तिला,” ती हळूच म्हणाली, “अनोळखी माणसाला लेकरं घाबरायचीच.”